शस्त्रक्रिया किती झाल्या ते मोजतात. बाईचे पुढे काय झाले, ते कोण मोजणार?

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात गावोगावी झेंडावंदन होते, मुक्तिसंग्रामाची भाषणे होतात. हीच तारीख २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन म्हणूनही पाळली जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यानंतर महिना-दीड महिन्यात बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांचे ट्रक-ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्या गाड्यांत पोरं, भांडीकुंडी आणि कोयते घेऊन बसलेल्या हजारो बायांचे गर्भाशय ऐन तिशी-पस्तिशीत काढून टाकलेले असते.

मुक्ती आणि सुरक्षा हे दोन्ही शब्द या बायांपर्यंत किती पोहोचले, याचा हिशेब मांडायला हवा. शस्त्रक्रिया 'यशस्वी' झाली असे आपण केव्हा म्हणतो, कोण म्हणतो आणि कशाच्या आधारावर म्हणतो, हा त्या हिशेबातला पहिला प्रश्न आहे.

बीडचा आकडा काय सांगतो

एप्रिल २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची बातमी एका इंग्रजी वृत्तपत्राने दिली आणि देशभर खळबळ उडाली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य सरकारला नोटीस पाठवली. जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ महिलांची गर्भाशये काढण्यात आली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींत एक. देशपातळीवरील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण साधारण ३ टक्के आहे. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत तेच नाहीत, हे मान्य केले तरी एवढी तफावत आजाराने पडत नाही.

मग ती कशाने पडते? ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर न गेल्यास खाडा लागतो, म्हणजे दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड बसतो. फडात पाणी नाही, आडोसा नाही, शौचालय नाही. पाळीच्या दिवसांतही पहाटेपासून मोळ्या उचलाव्या लागतात. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, संसर्ग होतो. बाई खासगी दवाखान्यात जाते. तिथे तिला कॅन्सरची भीती घातली जाते आणि 'दोन-तीन लेकरं झालीत ना, मग पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. पैसे उचलीतून जातात आणि उचल फेडायला पुढचा हंगाम करावा लागतो.

जो संसर्ग औषधाने बरा होऊ शकला असता, त्यासाठी अवयव गेला. त्याबरोबर अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. जी बाई अंगमेहनतीवर जगते, तिची हाडेच कमजोर झाली तर तिने खायचे काय?

या प्रकरणातली आम्हाला सर्वात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. यातल्या बहुतेक बाया रुग्णालयाच्या वहीत 'बऱ्या होऊन घरी गेल्या' अशाच नोंदल्या गेल्या असणार. टाके भरले, बिल चुकते झाले, बाई चालत घरी गेली. वहीच्या हिशेबात ही शस्त्रक्रिया यशस्वीच. पत्रकार गावात गेले नसते, समितीने घरोघरी विचारले नसते, तर हा आकडा कधीच जन्माला आला नसता.

तपासयादी वाचवते, पण केव्हा?

शस्त्रक्रियेतील मृत्यू आणि इजा मोजता येतात आणि कमीही करता येतात, हे जगाने सिद्ध केले आहे. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १९ मुद्द्यांची एक साधी तपासयादी तयार केली. त्या कामाचे नेतृत्व करणारे शल्यविशारद अतुल गावंडे अमेरिकेत जन्मले. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातील उटी गावचे. यादीत अवघड काही नाही. रुग्णाचे नाव तेच ना? शस्त्रक्रिया कुठली, कोणत्या बाजूची? संमती घेतली का? कशाची ॲलर्जी आहे का? रक्तस्राव जास्त झाला तर तयारी आहे का? चिरा देण्याआधीच्या तासाभरात प्रतिजैविक दिले का? पोट शिवण्यापूर्वी कापसाचे बोळे, सुया आणि हत्यारे मोजून पूर्ण भरली का?

दिल्लीच्या सेंट स्टीफन्स रुग्णालयासह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. श्रीमंत देशांतली रुग्णालये होती, तशी टांझानियातल्या इफाकारासारख्या गावातलीही होती. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. नवे यंत्र नाही, महाग औषध नाही. नेमके विचारायचे, मोठ्याने विचारायचे आणि परिचारिकेलाही 'थांबा' म्हणण्याचा अधिकार द्यायचा, एवढेच.

मात्र कहाणी इथे संपत नाही. कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने ही यादी सक्तीची केली. तेथील १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला, तेव्हा मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. उत्तर प्रदेशात प्रसूतीसाठी अशाच तपासयादीचा मोठा प्रयोग १२० आरोग्य केंद्रांत झाला. कर्मचाऱ्यांनी यादीतल्या गोष्टी अधिक प्रमाणात पाळल्या, तरी माता-बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण कमी झाले नाही. तो प्रयोग गावंडे यांच्याच सहकाऱ्यांचा होता आणि त्यांनी तो अपयशासह प्रसिद्ध केला.

यावरून यादी निरुपयोगी ठरत नाही. वरून हुकूम आला म्हणून टिकमार्क केलेला कागद रुग्णाला वाचवत नाही, एवढे मात्र ठरते. वाचवते ती माणसांची सवय. ती सवय टिकवायला पाणी, वीज, निर्जंतुक हत्यारे, पुरेशा परिचारिका आणि वरच्या रुग्णालयापर्यंत वेळेत पोहोचणारी गाडी लागते.

कमी खर्चात काय होऊ शकते, याचे आणखी एक उदाहरण. २०२२ मध्ये भारतासह सात विकसनशील देशांतील ८१ रुग्णालयांत १३ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. पोटाच्या शस्त्रक्रियेत जखम शिवण्याआधी हातमोजे आणि हत्यारे बदलली, तर जखमेतील संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतो, असे त्यात दिसले. दर शंभरात तीन माणसे पू, ताप आणि पुन्हा दवाखान्याच्या फेऱ्यांतून वाचतात. मजुराच्या घरासाठी हा फरक महिन्याभराच्या मजुरीचा असतो.

मृत्यूंकडे पाहा. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत जगभरात दरवर्षी सुमारे ४२ लाख माणसे मरतात आणि त्यातली निम्मी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत मरतात, असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. '३० दिवस' हा शब्द लक्षात ठेवावा. कारण आपल्याकडे हिशेब बहुतेक वेळा डिस्चार्ज कार्डावर संपतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईच्या टाटा मेमोरियलसह काही मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गावर देखरेख ठेवली. रुग्ण घरी गेल्यावरही पाठपुरावा केला. तेव्हा संसर्गाच्या बहुसंख्य घटना घरी गेल्यानंतर उघड झाल्याचे दिसले. ज्या रुग्णालयात असा पाठपुरावा नाही, तिथले संसर्गाचे आकडे कमी दिसणारच. संसर्ग कमी झालेला नसतो, तो गावाला गेलेला असतो.

संख्येला बक्षीस दिले की काय होते

संख्येची नशा कुठे नेते, ते छत्तीसगडने २०१४ मध्ये पाहिले. ८ नोव्हेंबरला बिलासपूर जिल्ह्यात एका बंद पडलेल्या खासगी रुग्णालयाच्या इमारतीत नसबंदी शिबिर भरले. एका डॉक्टरने काही तासांत ८३ महिलांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. सरकारी नियम एका दिवसात ३० पेक्षा जास्त नकोत असा आहे. पुढच्या काही दिवसांत परिसरातील शिबिरांतल्या १३ महिला दगावल्या. बहुतेक जणी गरीब दलित, आदिवासी आणि मागास घरांतल्या होत्या. दोष शस्त्रक्रियेतील हलगर्जीचा की निकृष्ट औषधांचा, यावर पुढे बराच वाद झाला. पण एका गोष्टीवर वाद नाही. त्याच डॉक्टरांचा त्याच वर्षी जानेवारीत राज्य सरकारने ५० हजार शस्त्रक्रियांच्या विक्रमाबद्दल सत्कार केला होता.

त्या ५० हजार जणींचे पुढे काय झाले, हे सत्कार करणाऱ्यांनी विचारले होते का? आमच्या मते बिलासपूरच्या मृत्यूंची पायाभरणी त्या व्यासपीठावर झाली. ज्या व्यवस्थेत आकडा वाढवल्याबद्दल शाल-श्रीफळ मिळते आणि रुग्ण दगावल्यावर एका माणसाला अटक होते, ती व्यवस्था काहीच शिकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल दिला. ही याचिका बिहारच्या अररिया जिल्ह्यातील घटनेवरून दाखल झाली होती. तिथे जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत, टॉर्चच्या उजेडात, दोन तासांत ५३ महिलांची नसबंदी करण्यात आली होती. २०१० ते २०१३ या काळात नसबंदीमुळे ३६३ मृत्यू झाल्याची नोंद निकालात आहे. तीन वर्षांत शिबिर पद्धत बंद करा, असे न्यायालयाने बजावले. गर्भाशयाच्या बाबतीतही डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. त्यांत राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमायच्या आहेत. आपल्या जिल्ह्यात ही समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, तिने किती प्रकरणे तपासली, हे माहिती अधिकारात कुणीही विचारू शकतो. आमच्या वाचकांनी ते विचारावे.

योजनेकडे माहिती आहे, उत्तर नाही

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विस्तार झाला. केशरी-पिवळ्या रेशनकार्डाची अट जाऊन ती सर्वांसाठी खुली झाली, दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. हे चांगले झाले, आणि चांगल्याला आम्ही चांगलेच म्हणू. ज्या घरात हृदयशस्त्रक्रियेचे नाव काढायची सोय नव्हती, तिथे ती आज होते आहे.

पण सरकारच्या जाहिराती वाचा. किती लाख लाभार्थी, किती कोटी खर्च, किती रुग्णालये, किती उपचार. एकाही जाहिरातीत हे नसते की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांनी किती जण जिवंत होते, कितींना पुन्हा दाखल व्हावे लागले, कितींच्या जखमेत पू झाला, किती जण कामावर परतले. माहिती नसते असेही नाही. योजनेतील प्रत्येक शस्त्रक्रियेला आधी ऑनलाइन मंजुरी लागते, तपासण्यांचे अहवाल चढवावे लागतात, दावा मंजूर होतो तेव्हा डिस्चार्जची नोंद असते. प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. पैसे देण्यासाठी जेवढी माहिती लागते तेवढी गोळा होते. रुग्णाचे काय झाले, हा प्रश्न त्या संगणकाला कुणी विचारत नाही.

जी माहिती गोळा होते, तिची अवस्था काय आहे ते नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये आयुष्मान भारत योजनेच्या अहवालात सांगितले. आधीच मृत म्हणून नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावावर नंतरच्या उपचारांचे सुमारे ७ कोटी रुपये दिले गेले होते. सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल क्रमांक होता. मंत्रालयाने यावर तांत्रिक खुलासे केले. मंजुरीची विनंती मागाहून करता येते, मोबाइल क्रमांकावरून लाभ ठरत नाही, वगैरे. खुलासे खरे धरले तरी प्रश्न उरतोच. ज्या नोंदवहीत माणूस जिवंत आहे की मेला याचा मेळ बसत नाही, तिच्यावरून शस्त्रक्रिया सुरक्षित झाली की नाही हे कसे कळणार? आणि साडेसात लाख लोकांचा फोन एकच असेल, तर शस्त्रक्रियेनंतर विचारपूस करायला फोन लावायचा कुणाला?

धोरणाचा कागद आपल्याकडे नाही असे नाही. २०१८ ते २०२५ या काळासाठी केंद्राने राष्ट्रीय रुग्ण सुरक्षा अंमलबजावणी आराखडा काढला होता. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. आपल्या गावच्या दवाखान्यात ती सनद भिंतीवर दिसते का, हे पाहायला कुठल्याही समितीची गरज नाही.

उघड केले तर काय बिघडेल?

रुग्णालयनिहाय निकाल जाहीर करा म्हटले की डॉक्टरांकडून एक आक्षेप येतो. तो रास्त आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय रुग्णालयात येणारा रुग्ण अनेकदा सगळीकडून फिरून, शेवटच्या घटकेला आलेला असतो. पैसे संपल्यावर खासगी रुग्णालयाने पाठवून दिलेला असतो. तिथला मृत्युदर चकचकीत रुग्णालयापेक्षा जास्त असणारच. नुसते आकडे लावून तुलना केली, तर शेवटपर्यंत दार उघडे ठेवणारे सरकारी रुग्णालयच बदनाम होईल. दुसरा धोका त्याहून मोठा. आकडा खराब दिसेल या भीतीने डॉक्टर अशक्त, रक्त कमी असलेल्या, उशिरा आलेल्या रुग्णाला हातच लावणार नाहीत. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्ताची कमतरता आहे. म्हणजे नाकारल्या जाणाऱ्या बाया कोण असतील, ते सांगायला नको.

यावर उपाय आहे. न्यू यॉर्क राज्याने १९८९ पासून हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांचे निकाल गोळा केले. रुग्ण किती आजारी होता, त्याचे वय काय, आधीचे आजार कोणते, हे धरून अपेक्षित मृत्युदर काढला आणि प्रत्यक्षाशी ताडून तो जाहीर केला. पहिल्या चार वर्षांत अशा रीतीने काढलेला मृत्युदर सुमारे ४१ टक्क्यांनी खाली आला. अवघड रुग्ण नाकारले जातात अशी टीका तिथेही झाली, वाद अजून आहे. पण लपवून ठेवल्याने तो वाद सुटला नसता. जोखीम धरून मोजा, आणि कोणाला नाकारले तेही मोजा. या दोन गोष्टी एकत्र केल्या तर गरीब रुग्णाचे नुकसान टळते.

एक रकाना कमी आहे

आमचे वाचक विचारतील, यात जात कुठे आली? ऊसतोडीत सगळ्या जातींचे गरीब आहेत, हे खरे. वंजारी, बंजारा, मराठा, मातंग, बौद्ध, सगळेच आहेत. पण ज्याला जमीन नाही, त्याला फडाशिवाय दुसरा रस्ताही नाही. आणि जमीन कोणाकडे नाही, हे या राज्यात जातीवरून बरेचसे ठरलेले आहे. बिलासपूरच्या शिबिरात कुठल्याही सुखवस्तू घरातली बाई गेली नव्हती.

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. घर, शिक्षण, नोकरी यांचा जातनिहाय हिशेब होईल. मग सरकारच्या पैशाने झालेल्या शस्त्रक्रियेनंतर कोण जगले आणि कोण नाही, याचा हिशेब का नको? अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास आणि खुला प्रवर्ग, असा सामाजिक गट आणि व्यवसाय यांचा रकाना प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांत असावा. कुणाचे नाव छापायचे नाही, फक्त गटाचा निकाल छापायचा. फरक नसेल तर सगळ्यांनाच आनंद आहे. फरक असेल तर तो दडवण्याचे कारण काय?

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. कष्टकरी बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळालीच पाहिजे आणि त्याचा भार तिच्या एकटीवर पडता कामा नये, ही त्यांची भूमिका होती. शंभर वर्षे होत आली. फडातल्या बाईला अजून पाळीच्या दिवशी पगारी सुट्टी नाही, खाडा आहे. तिचे गर्भाशय वाचवायचे असेल तर शस्त्रक्रियागृहातील सुधारणा पुरणार नाही; खाड्याची पद्धत मोडावी लागेल.

भगवान बुद्धांची चौकशी

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. भगवान बुद्ध आनंदांसह विहारातील निवासस्थाने फिरून पाहत असताना त्यांना तो दिसला. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग भगवंतांनी भिक्खुसंघ बोलावला आणि विचारले: इथे कोणी आजारी आहे का? त्याला काय झाले आहे? त्याची शुश्रूषा कोण करते? कोणीच का करत नाही? कारण कळल्यावर नियम घालून दिला: आजारी माणसाची जबाबदारी उपाध्यायाची, आचार्यांची, शिष्याची, सहनिवाशाची; यांपैकी कोणी नसेल तर सगळ्या संघाची.

आपण ही गोष्ट करुणेची म्हणून सांगतो. ती पद्धतीचीही गोष्ट आहे. आधी स्वतः फिरून पाहणे, मग रुग्णाला सावरणे, मग सर्वांसमोर नेमके प्रश्न विचारणे आणि शेवटी पुन्हा तसे घडू नये म्हणून जबाबदारी ठरवून देणे. त्यात एकाला बळीचा बकरा केलेले नाही. आज रुग्णालयात चूक उघड झाली की एक तर ती दाबली जाते, नाही तर एखाद्या परिचारिकेला निलंबित करून फाइल बंद होते. दोन्हींमुळे पुढचा रुग्ण सुरक्षित होत नाही.

त्याच महावग्गात जीवकाच्या शस्त्रक्रियांचे वर्णन आहे. राजगृहातील श्रेष्ठीच्या डोक्यावर शस्त्रक्रिया केल्यानंतर तो पैसे घेऊन निघून गेला नाही. रुग्णाने पुढे किती दिवस कसे पडून राहायचे, हे त्याने आधी कबूल करून घेतले आणि तो बरा होऊन उठेपर्यंत लक्ष ठेवले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कथेतल्या वैद्याला जे कळत होते, ते डिस्चार्ज कार्डावर शिक्का मारून मोकळे होणाऱ्या व्यवस्थेला कळायला हवे.

आमच्या मागण्या, आपले काम

सरकारकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. महात्मा फुले योजनेतील प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर ३० व्या दिवशी आरोग्यमित्र किंवा आशा सेविकेने रुग्णाची विचारपूस करून नोंद करावी, आणि त्या कामाचे आशाताईंना पैसे मिळावेत. मृत्यू, पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा दाखल आणि जखमेतील संसर्ग, हे चार आकडे जोखीम धरून, रुग्णालयनिहाय आणि सामाजिक गटनिहाय दरवर्षी जाहीर व्हावेत. चाळिशीच्या आतील गर्भाशय शस्त्रक्रियेला दुसऱ्या डॉक्टरचे मत सक्तीचे असावे आणि काढलेल्या अवयवाचा तपासणी अहवाल रुग्णाच्या हातात मिळावा. बीडमध्ये २०१९ नंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. ती एका जिल्ह्यापुरती असेल तर बाईला शेजारच्या जिल्ह्यात नेणे अवघड नाही. ऊसतोड महिलांची तपासणी हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर, अशी दोन्ही वेळा व्हावी.

सरकार करेल तेव्हा करेल. आपल्या वस्तीत आजपासून काही करता येते. विहारात पौर्णिमेला, रमाई महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्या. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला की घाबरून त्याच दिवशी होकार देऊ नका. दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयात, दाखवा. पिशवी काढायला सांगितली तर नेमका आजार कोणता, तपासणीत काय आले, औषधाने होणार नाही का आणि अंडाशये ठेवणार की काढणार, हे विचारा. केसपेपर, संमतीपत्राची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि तपासणी अहवाल एका पिशवीत जपून ठेवा. वस्तीत कुणाची शस्त्रक्रिया झाली तर महिनाभराने घरी जाऊन विचारा आणि वहीत लिहा. आपल्या समाजातील डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्या वहीला हात लावला, तर ती पुरावा होईल.

बीडचा आकडा घरोघरी विचारूनच मिळाला. १३,८६१ बायांची ती नोंद कुठल्याही शस्त्रक्रियागृहात तयार झाली नाही. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी आपल्या गावातून किती कोयते निघतात आणि त्यातल्या किती बायांच्या पोटावर तो व्रण आहे, हे आपण मोजायला घ्यावे. मोजलेल्या माणसाविषयी सरकारला जाब विचारता येतो.